ओढ नसलेलं पाणी

परवा जुईनगरच्या घरी एक मुलगी मुलाखत घ्यायला आली होती. चांगली होती पोरगी. चहा नको म्हणाली आणि मग दोन कप प्यायली. मोबाइल टिपॉयवर माझ्यासमोर ठेवून तिने सगळे विचारतात तेच विचारलं, "मॅडम, इतक्या उंचावरून उडी मारताना भीती नाही वाटली कधी?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "नाही." ती खूश झाली. लोकांना हेच ऐकायचं असतं. खाडीकाठच्या गावांतली पहिली पोहणारी मुलगी, दहा मीटरवरून सूर मारणारी, भीती म्हणजे काय ते ठाऊक नसलेली. उत्तर अगदीच खोटं नाही, पण लोक ते ज्या अर्थाने घेतात त्या अर्थाने खरंही नाही. आणि आता वय असं झालंय की अर्धंमुर्धं खरं बोलायचा कंटाळा येतो. म्हणून हे नीट लिहून ठेवते.

दिवाळे गावातलं आमचं घर जेटीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. आता तिथे तीन मजले चढलेत, खाली मोबाइलचं दुकान आहे आणि चुलतभावांनी गच्चीला टाइल्स लावल्यात. तेव्हा कौलं होती आणि सारवलेलं अंगण होतं. अंगणात कायम काहीतरी वाळत पडलेलं असे. बोंबील, जवळा, जाळी, आत्याचं लुगडं, आणि खाडीतून आल्यावर मी. वास आम्हाला कधी यायचा नाही. शाळेतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावला तेव्हा कळलं की आपल्याला वास आहे. घरात आवाज मात्र भरपूर. विळीवर खवले निघण्याचा, भाकरी थापण्याचा, दुरून येणाऱ्या बोटीच्या इंजिनाचा, आणि या सगळ्यांवर माझ्या चांगुणाआत्याचा. ही बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. खाडीला भरती-ओहोटी होती, आत्याच्या तोंडाला फक्त भरती. बाबा तितकेच गप्प. जेवताना ते एवढंच म्हणत, "कालवन बरं जालंय," आणि आई एवढंच म्हणे, "मग घ्या आनखी." चिंबोऱ्यांचं कालवण असलं तर तेही बोलणं होत नसे, कारण सगळ्यांची तोंडं नांग्या फोडण्यात गुंतलेली. मी हल्ली जुईनगरच्या बाजारातून चिंबोऱ्या आणते. त्या बांधलेल्या असतात, जिवंत असतात, महाग असतात. पण टेबलावर एकटीने नांग्या फोडायच्या म्हणजे ठोकण्याचा आवाज फार मोठा येतो.

बाबा होडी घेऊन निघत तेव्हा आई जेटीपर्यंत जायची. वाकून ओंजळभर पाणी घ्यायची, बोटं कपाळाला लावायची आणि म्हणायची, "ये." आमच्यात पाण्यावर निघालेल्या माणसाला कोणी 'जा' म्हणत नाही. बाबा मागे वळून बघत नसत, कारण ते बघायचं नसतं. मी लहानपणापासून हे पाहत आले, त्यामुळे त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला वाटतच नव्हतं.

बाबा गावातले नावाजलेले बुडी मारणारे होते. कोणाचा नांगर अडकला, जाळं खाडीत रोवलेल्या खुंटाला गुंतलं, इंजिनाचा भाग पाण्यात पडला की बाबांना हाक यायची. आमच्या गावचा देव वर्षभर पाण्याखाली असतो आणि दिवाळीत एका दिवसासाठी वर येतो. त्याला वर आणायला जे उतरत त्यांत बाबा असत. त्यांनी मला पोहायला शिकवलं असं म्हणता येणार नाही. होडीतून सोडलं आणि पुढे काय होतं ते बघत बसले. शिकवली ती एकच गोष्ट, ओढ. खाडी ओलांडायची असेल तर समोरच्या खुंटाकडे बघून पोहायचं नाही. ओहोटीचं पाणी तुम्हाला खाली खेचत असतं. म्हणून तोंड खुंटाच्या वरच्या अंगाला करायचं, पाणी जिकडून येतं तिकडे. "तू वर जा," बाबा म्हणायचे, "पानी तुला खुंटाला आनून घालंल. ओढ धरून पव." किती वर, ते ते सांगत नसत. ते अंगाला कळायला लागतं. मला कळायला लागलं तेव्हा मी दहा-अकराची असेन. मग मी विचार न करता ओढ धरायला लागले, जसं आपण विचार न करता उजव्या हाताने जेवतो.

बेलापूरच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मला जेटीवरून पोहताना पाहिलं आणि खाडीपलीकडे, मुंबईतल्या एका क्लबाच्या तलावावर नेलं. तिथे कर्णिक सर होते. उंच, पांढरे केस, गळ्यात शिट्टी, आणि मराठी अगदी पुस्तकातलं. त्यांनी मला पाण्यात उतरायला सांगितलं, पाहिलं आणि म्हणाले, "ही मुलगी मला द्या." घरी पोहण्याच्या पोशाखाची चर्चा झाली. क्लबाच्या कमिटीतल्या एका बाईंनी 'गावाकडच्या लोकांना हे चालेल का' असं विचारलं होतं. आत्याने तो पोशाख हातात धरून उलटासुलटा केला आणि म्हणाली, "आमी गुडघ्याच्या वर लुगडं नेसून अख्खा बाजार फिरतो. आमचे पाय सगळ्या मुंबईने बघितलेन. ह्यात नवीन काय हाय? पाठ तेवढी उघडी, ती पान्यान कोन बघतंय." झालं, विषय संपला. पुढे आयुष्यभर मी कमिट्यांशी भांडले, पण आत्याइतक्या लवकर मला कधी निकाल लावता आला नाही.

पहिल्या शर्यतीला बाबा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पाण्यात पडले आणि हात मारायला लागले. सगळ्यांच्या पुढे होते, हे मला नंतर सांगण्यात आलं. मला कळलं ते एवढंच की खांद्याला पट्टे आखणारा दोर लागला. मी दोराखालून गेले. मग दुसरा दोर लागला. मग शिट्टी वाजली आणि एका मुलीने मला लाथ मारली, कारण मी तिच्या पट्ट्यात होते. मी ओढ धरून पोहत होते. तलावाला ओढ नव्हती. मी वरच्या अंगाला तोंड करून जात होते आणि पाणी मला खुंटाला आणून घालत नव्हतं. मला बाद केलं. पुढच्या शर्यतीला तेच. सर काठावरून माझ्याबरोबर पळत, "कोळी, सरळ. सरळ, मुली," म्हणत राहिले आणि मी वाकडी जात राहिले. पहिल्या दिवशी परतताना बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, रागावलेत. मग दिसलं की त्यांचे खांदे हलतायत. ते हसत होते. "तुजी चूक नाय गो," ते म्हणाले. "त्या पान्याला ओढच नाय. ते मेलेलं पानी हाय. मेलेल्या पान्यान सरल जायचं कसं, ते मना पन म्हाईत नाय."

शेवटी सरांनी हात टेकले. "तुला आडवं पोहायला शिकवणं माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले. "तू उभी जा. खाली जायला दिशा लागत नाही." अशी मी डायव्हिंगला आले. लोक याला दूरदृष्टी म्हणतात. ती निव्वळ अडचण होती. सूर मारणं मला जमत होतं, जेटीवरून लहानपणापासून मारलेले. खालच्या बोर्डावरून गिरकी घ्यायला मी लवकर शिकले. पण दहा मीटरचा तो वरचा सिमेंटचा कट्टा वेगळी गोष्ट होती. क्लबात तिथे फक्त मुलगे जात. मुलींना परवानगी नव्हती. सरांनी कमिटीकडून ती भांडून मिळवली, आणि मग मी वर गेले आणि शिडीने खाली आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. पोटात गोळा यायचा, पायाची बोटं सिमेंटला धरून बसायची. खाली मुलगे टाळ्या वाजवून हसत. घरी मी बाबांना सांगितलं की मला भीती वाटते. बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "भ्या वाटलं तर उतर. शिडी काय नुसती चढायला असते?"

बाबा गेले ते त्याच वर्षी. उधाणाचं पाणी होतं. काकांबरोबर, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाबरोबर, ते जाळं सोडवायला गेले होते. भरती संपून ओहोटी लागलेली. दोर खुंटाला आवळला होता म्हणून बाबा खाली उतरले. काका होडीत वाट बघत बसले. बाबा नेहमीच उशिरा वर येत, म्हणून काकांनी बराच वेळ वाट पाहिली. यात काकांची काही चूक नाही. मी असते तर मीही तेवढीच वाट पाहिली असती.

त्या दिवशी गावातल्या होड्या त्या खुंटाभोवती फिरत राहिल्या. लोक बांबूने तळ चाचपत होते. मी काठावर उभी होते आणि मला दिसत होतं की ते चुकीच्या जागी शोधतायत. ओहोटीला गेलेला माणूस तिथे कसा असेल. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली त्याच सुमाराला मी काकांना म्हटलं, खुंटापाशी डबा टाका. हरवलेली वस्तू शोधायची बाबांचीच रीत होती ती. जाळ्यावरचा तरंगणारा रिकामा डबा त्याच पाण्यात सोडायचा आणि तो जाईल तिकडे त्याच्यामागे जायचं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाईमाणसाला अशा कामाला होडीत घेत नाहीत. तरी त्यांनी होडीत जागा केली. डबा हळूहळू ओढीबरोबर खाली वाहत गेला, वळणावर तिवरांच्या मुळांशी जाऊन अडकला. मी तिथे उतरले. पाणी गढूळ, हाताला चिखल, मुळं, मग कापड. बाबांच्या कमरेचा रुमाल मला हाताला ओळखू आला. मी दोर बांधला. गाठ नीट बसली का, ते पुन्हा चाचपून पाहिलं. मग वर आले आणि काकांना म्हटलं, "ओढा." त्या दिवसाचं मला जे आठवतं ते हे, गाठ नीट बसली होती. बाकी काही वाटल्याचं आठवत नाही. मी पुष्कळदा शोधून पाहिलंय, तिथे काही नाही.

आमच्या बायका हेल काढून रडतात. आत्याने सुरुवात केली. तिने बाबांचं अख्खं आयुष्य सांगितलं. लहानपणी त्यांनी तिचा मासा पळवला होता इथपासून. आई रडली. शेजारणी रडल्या. मग सगळ्या जरा सरकल्या आणि मला मध्ये जागा करून दिली, कारण आता पोरीची पाळी होती. मी बसले होते. डोळ्यांत काही नव्हतं. एका बाईने मला दंडाला चिमटा काढला, मदत म्हणून. तोही मला कळला नाही, म्हणजे चिमटा काढला हे दिसलं, दुखलं नाही. "नाय रडली पोर," असं कोणीतरी हळू म्हणालं, आणि ते गावात पसरलं. आईच्या बांगड्या काढल्या तेव्हा मी बघत होते. चुलीवरचं दूध उतू जाताना बघावं तसं. त्याही वेळी मला वाटलं, आता काहीतरी वाटायला हवं. माझी मी वाट बघत बसले.

बाबांचे दिवस झाले, आईने पुन्हा डोक्यावर मासळीची पाटी घेतली, मी पुन्हा तलावावर गेले. सर म्हणाले, "वर जायचं नसेल तर आज राहू दे." मी वर गेले. कट्ट्यावर उभी राहिले. पोटात गोळा आला नाही. खाली पाणी होतं आणि वर मी होते आणि मधे काही नव्हतं. मी पाऊल पुढे टाकलं. पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा टाळ्या ऐकू आल्या, या वेळी खऱ्या. त्यानंतर मी रोज वरून उडी मारायला लागले, उलटी, सुलटी, हातांवर उभी राहून. मुलगे हसायचे थांबले. कमिटीतल्या बाईंनी माझ्याबरोबर फोटो काढला. एका पेपरात 'निर्भय' असं छापून आलं आणि शाळेने ते फळ्यावर लावलं. मी ते वाचलं. शब्द बरोबर होता. निर्भय म्हणजे भय नसलेली. मला भय नव्हतं, भूक नव्हती, कालवणाला चव नव्हती, आत्या काय बोलते ते ऐकू यायचं पण लागायचं नाही. त्यातल्या फक्त एका गोष्टीला बक्षीस होतं, बाकीच्यांबद्दल कोणी विचारलं नाही.

आता खरी गोष्ट. तलावाच्या तळाला निळ्या फरशा होत्या. सूर मारून खाली गेलं की आवाज थांबायचे. तिथे बसून राहावं असं मला वाटत नव्हतं, पण वर जावं असंही वाटत नव्हतं. बाबा शिकवायचे की पाण्यात कुठलीतरी ओढ असतेच, ती ओळखायची. तिथे कुठलीच नव्हती. वरची नाही, खालची नाही. छातीत जाळ झाला की शरीर आपलं आपण वर जायचं, आणि दर वेळी जरा उशिराने. एकदा सरांनी घड्याळ-बुटांसकट उडी टाकली आणि मला दंडाला धरून वर आणलं. काठावर त्यांनी विचारलं, "काय करत होतीस खाली?" मी म्हटलं, "काही नाही." ते खरं होतं, आणि त्यांना तेच पटलं नाही.

दुसऱ्या रविवारी सर दिवाळ्याला आले. अंगणात बोंबलांच्या मधोमध त्यांना खुर्ची दिली. ते आईला म्हणाले, "ताई, मी हिला पाण्यात जायला शिकवू शकतो. वर यायला शिकवता येत नाही, ते ज्याचं त्याला यावं लागतं. राज्याच्या संघाची निवड आहे, ही नक्की निवडली जाईल. पण एक दिवस ही वर येणार नाही, अशी मला धास्ती वाटते. तुम्ही सांगाल तर मी तिला थांबवतो." आई पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत होती. काका उंबऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "मी पन तिला होडीन घेत नाय हल्ली. भ्या नसलेलं मानूस होडीन नको." आत्या, जन्मात पहिल्यांदा, काही बोलली नाही. सर गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. "आपला देव पन वरसातून एकदा वर येतो," ती म्हणाली. "तू कवा येशील?" मी म्हटलं, "मी वर येते की गं, आई." आईने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून भाकऱ्या करायला गेली. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. पुढे मी तिला विचारलं, का नाही म्हणालीस. ती म्हणाली, "तू थांबली असतीस. मग घरान बसून बुडली असतीस."

निवडीच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली. त्याआधी ती कधीच आली नव्हती. बाजार लवकर आटोपला, रिकामी पाटी बरोबर, तिला मासळीचा वास, आणि बसमध्ये आमच्या शेजारी कोणी बसेना. मला त्याचंही काही वाटलं नाही. तलावावर ती खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसली, पाटी पायाशी. तिने तो वरचा कट्टा पाहिला आणि लगेच मान खाली घातली. माझ्या पहिल्या दोन उड्या चांगल्या झाल्या. मी पहिली होते. सर बोटं चोळत उभे होते. दोन्ही वेळा मी वर आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत असावेत. शेवटची उडी राहिली होती. ती झाली की मी संघात, आणि आमच्या भागातून त्याआधी कोणी मुलगी तिथे गेली नव्हती.

मी शिडी चढून वर गेले. कट्ट्याच्या टोकाला उभी राहिले. नेहमीसारखं वर मी, खाली पाणी. शिट्टी व्हायची होती. तेवढ्यात मला दिसलं की आई खुर्चीतून उठलीय. तिला कोणी अडवलं नाही. बहुतेक त्यांना वाटलं, झाडणारी बाई असेल. ती तलावाच्या काठाशी आली. वरून ती फार लहान दिसत होती. ती वाकली, त्या मेलेल्या पाण्यात हात बुडवला, ओंजळ वर घेतली, बोटं कपाळाला लावली. हातात बांगड्या नव्हत्या. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "ये." मोठ्याने नाही, जेटीवर म्हणायची तेवढ्याच आवाजात. तलावावर सगळे शांत होते म्हणून मला ऐकू आलं.

आणि माझे पाय कापायला लागले. आधी बोटं, ती सिमेंटला धरून बसली, मग पोटऱ्या, मग मांड्या. पोटात तो जुना गोळा आला. खाली पाहिलं तर पाणी फार खोल होतं, आणि फार लांब, आणि मी त्यात पडून मरू शकत होते. हे मला इतके महिने कोणी सांगितलंच नव्हतं. शिट्टी झाली. मी उभी होते. पुन्हा शिट्टी झाली. कोणीतरी खालून ओरडलं की उडी मारली नाही तर शून्य. मी मागे सरकले, बसले, आणि गुडघ्यांवर रांगत शिडीपाशी गेले. शिडी काय नुसती चढायला असते, ते बोलणं मला आठवलं, आणि त्याच्या मागून बाबा आले. जाळं शिवणारे, मान वर न करणारे, बसमध्ये हसताना खांदे हलणारे. मग तिवरांच्या मुळांतलेही आले. मी शिडीवर मध्येच थांबले, लोखंडी कांब दोन्ही हातांनी धरली आणि रडायला लागले. हेल काढून नाही, नुसतंच, घशातून येईल तसं. सर अर्धी शिडी चढून आले आणि माझी पावलं एकेक करून खालच्या कांबीवर ठेवत मला उतरवलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

आईने पदराने माझे केस पुसले. माझा हात हातात घेऊन बघितला.

"कापतंस," ती म्हणाली.

"हं."

"बरं जालं."

मी निवडले गेले नाही. त्या वर्षी कोणी दुसरी गेली, तिने छान उडी मारली. पुढच्या वर्षी मी गेले, आणि त्यापुढेही. ते सगळ्यांना माहीत आहे, मुलाखतींत असतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक उडीला माझे पाय कापले, अगदी शेवटच्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी मी लगेच वर आले, हे मी कोणाला सांगितलं नाही. निर्भयच्या जागी दुसरा शब्द कोण छापणार? आताही सोसायटीच्या तलावात मी छातीभर पाण्यात उतरते तेव्हा जरा पोटात होतं. तिथला लाइफगार्ड म्हणतो, "आंटी, टेन्शन नको, मी आहे ना. फक्त कॅप घाला, कम्पल्सरी आहे." मी कॅप घालते. पट्ट्यात मात्र मी अजून सरळ जात नाही.

निवडीच्या त्या दिवशी परतताना बसला गर्दी नव्हती. मी खिडकीपाशी बसले होते, आई माझ्या बाजूला, पाटी मांडीवर. तिने मधल्या एका थांब्यावर घेतलेला वडापाव माझ्या हातात होता आणि तो मला खारट, तिखट, गरम लागत होता, आणि मी रडत खात होते. थांबता येत नव्हतं आणि आई थांब म्हणत नव्हती. पलीकडच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर डबा घेतलेली. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. बस पुलावर चढली तेव्हा तिला राहवलं नाही.

"काय झालं ओ मुलीला?" तिने विचारलं.

"बा गेला तिचा," आई म्हणाली.

"अगं बाई. कधी?"

आईने माझ्यावरून वाकून खिडकीबाहेर पाहिलं. खाली खाडीला ओहोटी लागली होती.

"आज," आई म्हणाली.